रेडिओची चाल

मला गाता येत नाही. मृदंगावर हात टाकला तर वाडीतली पोरं तोंड फिरवून हसतात. मला येतं ते ऐकायला. साठ वर्षं होत आली, ऐकतोय. भात लावताना, कलमांच्या आळ्यात पाणी सोडताना, गोठ्यात, एसटीत, मुंबईला खोलीवर, जिथं कानावर पडेल तिथं. गाण्याच्या बाबतीत माझ्या हातून एकच गोष्ट घडली. ती बरी की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आमची वाडी दाभोळच्या वरच्या अंगाला, डोंगरात. खाली बाजार, जुनी मशीद, जेटी. समोर वाशिष्ठीचं मुख आणि पलीकडं अंजनवेल. इतिहासाच्या पुस्तकात दाभोळ येतं ते बंदर म्हणून. बहामनी राजांचं, मग विजापूरच्या आदिलशहाचं. 1508 साली पोर्तुगीजांनी ते जाळलं. अलीकडं पेपरात आलं ते वीज प्रकल्पामुळं. नाव आमचं आणि प्रकल्प खाडीपलीकडं गुहागर तालुक्यात, असा तो प्रकार! लहानपणी रात्री खळ्यात बसलं की अंजनवेलच्या दीपगृहाचा झोत फिरताना दिसायचा. आता पलीकडं इतके दिवे झालेत की झोत शोधावा लागतो. पण गौरी-गणपतीच्या रात्री खळ्यात काय चालायचं, ते काही त्या पुस्तकांत नाही. तिथं जाखडी चालायची.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. जाखडीला कुणी बाल्या नाच म्हणतं. मुंबईला गेलेल्या आमच्या लोकांच्या कानात बाळी असायची म्हणून तिकडं त्यांना बाल्या म्हणत, तेच नाव नाचाला पडलं. मध्ये बुवा, मृदंगवाला, झांजवाला आणि झील धरणारे बसतात. भोवती आठ-दहा गडी गोल करून नाचतात. पायात चाळ बांधलेले. आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गौळण. मग दुसरी पार्टी आलेली असेल तर सवाल-जवाब. एक बाजू शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. शक्तीवाले म्हणणार माया मोठी, तुरेवाले म्हणणार शिव मोठा. ही भांडणं फार जुनी. तुकनगीर आणि शहाअली या दोघा फकीर-गोसाव्यांपर्यंत शाहीर त्यांचं मूळ नेऊन भिडवतात. पुराणातला एखादा कोडा घालायचा, समोरच्यानं गाण्यातच तो सोडवायचा, नाही सुटला तर सकाळपर्यंत मान खाली. भाद्रपदात भात पोटरीला आलेलं असतं, लावणीचं काम सरलेलं असतं, माणूस मोकळा असतो. रात्र काढायला हरकत नसायची.

माझे बाबा मृदंग वाजवायचे. मुंबईला लालबागकडं गिरणीत होते. शिमग्याला यायचे ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं. गणपतीत बोट नसायची, पावसाळ्यात ती बंद. तेव्हा एसटी धरून पनवेल, महाड, खेड, दापोली असं हाडं खिळखिळी करत यायचे. आल्यावर ट्रंक ओटीवर ठेवायची, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि पहिलं काम म्हणजे माळ्यावरनं मृदंग खाली काढायचा. आई म्हणायची, "पोरांकडं बगा आदी, मंग त्या लाकडाकडं." बाबा हसायचे आणि कणीक मागायचे. मृदंगाच्या एका तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो खालचा आवाज देतो.

गाणी बुवा बांधायचा. पण चाली बाबांच्या. त्या त्यांना त्यांच्या मामाकडून मिळालेल्या. चालींना नावं नव्हती, आम्हीच ठेवलेली. एक 'लांबडी', एक 'उतरती', एक 'मामाची'. त्यांत एक खुबी होती. ओळ संपली तरी चाल संपत नसे. बुवा शेवटचं अक्षर धरून ठेवायचा, मृदंग हळू व्हायचा, गोलातले गडी पूर्ण गिरकी घेऊन जागेवर येईपर्यंत. मग सगळ्यांचा पाय एकदम पडायचा आणि पुढची ओळ उचलली जायची. त्या धरून ठेवण्याला बाबा 'थांबा' म्हणायचे. एसटीचा असतो तसा. लहानपणी मला त्या थांब्यात भीती वाटायची. बत्तीचा सूं आवाज, चाळांची कुजबुज, बुवाचं एकच अक्षर, आणि वाटायचं आता पाय पडतो की नाही. पडला की अंगावर काटा यायचा.

मग आमच्याकडं रेडिओ आला. काका गोदीत होते, त्यांनी 1970 साली ट्रान्झिस्टर आणला. वाडीत वीज नव्हती, सेलवर चालायचा. सेल मंद झाले की आम्ही ते दुपारभर उन्हात ठेवायचो, रात्रीपुरता जीव यायचा. त्या काळी रेडिओचं लायसन्स लागायचं. दरवर्षी पोस्टात पैसे भरून छोट्या पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. बैलाला नाही, कुत्र्याला नाही, पण गाणं ऐकायला लायसन्स! आजी म्हणायची, उद्या कोंबड्यालाबी लावतील.

मोठी माणसं संध्याकाळी मुंबई केंद्रावरची कामगारसभा लावायची. आम्ही पोरं बुधवारची वाट बघायचो. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. अमीन सायानी एकेक पायरी चढत जायचे, कुठलं गाणं कितव्या नंबरावर. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा आणि मागं जायचा. नेमकी ओहोटी लागायची ती कडव्याच्या मध्येच. मग ती राहिलेली ओळ मी मनानं भरून काढायचो आणि पुढच्या बुधवारी ताडून बघायचो. असं करता करता चाली पाठ झाल्या. हिंदीचे शब्द निम्मे कळायचे नाहीत. चाल मात्र सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तशी जायची.

सिलोनवर का जावं लागे, ते पुढं एका पुस्तकात वाचलं. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलाच मराठी माणूस. सिनेमाच्या गाण्यांनी देशाची चव बिघडते असं त्यांचं मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या शेवटी सिलोननं बिनाका गीतमाला सुरू केली आणि सगळा देश तिकडं कान लावून बसला. शेवटी 1957 साली आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. पेटीचंही तसंच. हार्मोनियमला आकाशवाणीनं 1940 सालापासून बंदी घातली होती, ती 1971 साली सैल झाली. कारण असं देत की पेटीच्या दोन पट्ट्यांमधला सूर पेटीला दाखवता येत नाही. हे वाचलं तेव्हा मी दचकलो. कारण आमच्या जाखडीत पेटी घ्यायची म्हणून बुवा मागं लागला होता, तेव्हा बाबा हेच म्हणाले होते. "पेटी पायरीवरनं उतरते. आमची चाल घसरगुंडीवरनं येते." बाबा चौथी शिकलेले. केसकरांचं नावही त्यांना ठाऊक नसेल.

आता माझ्या हातून काय घडलं ते.

1976 चं वर्ष. मी नववीला. पलीकडच्या गावची पार्टी गौरीच्या दिवशी येणार होती आणि त्यांनी म्हणे नव्या चाली बसवल्या होत्या. बुवा चार दिवस आधी आमच्या ओटीवर येऊन बसला. बाबा अजून मुंबईहून यायचे होते. बुवा मला म्हणाला, "तुज्या त्या रेडिओतली एकादी सांग की रं. लोकांनी ऐकलीय पर कुनी जाखडीत घेतलेली न्हाय, अशी." मी काय, हरखून गेलो. गावचा बुवा माझ्यासारख्या पोराला चाल विचारतो! 'बॉबी' पिक्चर 1973 साली आलेला, त्याची गाणी अजून सगळ्यांच्या तोंडात होती. त्यातली एक दिली. गणाला 'जय संतोषी माँ' मधली दिली. तो पिक्चर आदल्याच वर्षी आलेला, चाल देवाची, कुणी नाव ठेवणार नाही. मी गुणगुणायची, बुवानं त्यावर शब्द बसवायचे. मला धड गाता येत नाही, तरी बुवाला कळायचं. तीन रात्रींत दोन गाणी बांधली. मध्ये व्हायोलिनचे तुकडे यायचे, ते कोण वाजवणार? बुवानं झील धरणाऱ्या दोघांना तोंडानं व्हायोलिन काढायला लावलं. त्यातला एक तंबाखू खायचा. त्याच्या व्हायोलिनमधून तुषार उडायचे.

गौरीच्या रात्री ती गाणी अशी उचलली गेली की विचारू नका. बायका माजघरातून ओटीवर आल्या. पोरं शिट्ट्या मारायला लागली. समोरची पार्टी तोंड बघत बसली. 'वन्समोर' म्हणून कुणीतरी दोन रुपये ठेवले. मी खळ्याच्या कोपऱ्यात बसलो होतो, छाती इतकी फुगलेली.

बाबांनी सगळं वाजवलं. एक ठोका चुकला नाही. आदल्या दिवशी येऊन त्यांनी तालीम ऐकली होती, तेव्हाही काही बोलले नव्हते. सकाळी मी त्यांच्याबरोबर पऱ्यावर गेलो. दात घासता घासता म्हणाले, "चाली तुज्या काय?"

मी म्हटलं, "हां. बऱ्या झाल्या ना?"

"बऱ्या झाल्या. लोकान्ला आवडल्या." मग चूळ भरली. "पायांकडं बगितलंस काय पोरांच्या?"

मी बघितलं नव्हतं. मी लोकांच्या तोंडांकडं बघत होतो.

"अर्ध्या गोलावर पाय टाकत होती. गिरकी पुरी व्हयाच्या आदी तुजी वळ पुढं पळते. थांबा कुटं हाय तिच्यात?"

एवढंच. पुन्हा त्या विषयावर कधी रागावले नाहीत. त्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला नवं रुचत नाही. आता विचार करतो तेव्हा कारण दिसतं. जुनी तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. त्यात तोंड, कडवं, मधलं वाजप, पुन्हा तोंड, सगळं कोंबून बसवायचं. तबकड्या मोठ्या झाल्या तरी सवय तीच राहिली. सिनेमाच्या चालीला कुणासाठी थांबायला वेळच नसतो. आमच्या चालीच्या पुढं उभी रात्र पडलेली असायची.

पुढच्या वर्षापासून बुवा दर गणपतीच्या आधी माझ्याकडं यायला लागला. आसपासच्या वाड्यांतही तेच सुरू झालं. मी एकट्यानं सगळ्या तालुक्याच्या चाली बदलल्या असं म्हणणं म्हणजे शेखी झाली. रेडिओ सगळीकडंच होता, माझ्यासारखं एखादं पोर प्रत्येक वाडीत असणार. पण आमच्या वाडीत तो मी. 1977 साली रत्नागिरीला आकाशवाणीचं केंद्र झालं, आपल्या जिल्ह्याची बोली रेडिओवर यायला लागली. एकदा तिथून जाखडी लागली. बाबा सुट्टीवर होते, कानाला लावून ऐकली. संपल्यावर म्हणाले, "येवढ्या टायमात आमचा गण बी होत न्हाय."

दहावी झाल्यावर मी मुंबईला गेलो. गावकीची खोली, भिंतीला लावलेल्या तीसेक ट्रंका, पाळीनं झोपायचं. एका छापखान्यात लागलो. बाबांनी मुंबईतली त्यांची ऐकायची ठिकाणं मला दाखवली. लालबागचं हनुमान थिएटर, तिथं तमाशाचे फड यायचे. अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांची गाणी त्यांनी गिरणीच्या गेटवर उभ्यानं ऐकलेली. आणि परळचं दामोदर नाट्यगृह. कोकणातल्या माणसांचं ते खळंच. मंडणगड, दापोली, गुहागर, संगमेश्वर, सगळीकडचे चाकरमानी तिकीट काढून शक्ती-तुरा बघायला यायचे. रंगमंचावर दोन शाहीर, दोन्हीकडं गावची माणसं, आणि आरडाओरडा इतका की सवाल ऐकायलाच यायचा नाही. गावात मान खाली गेली तर वाडीपुरती जायची, इथं तालुक्याची जायची. मला ते फार आवडायचं. बाबा मागच्या खुर्चीत बसून पायांकडं बघायचे. रंगमंच अरुंद, गोल पुरता होत नाही, अशी त्यांची तक्रार. ते नाट्यगृह 1922 सालचं. 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं, तेव्हा पेपरात बातमी वाचून मी घरात कुणाला सांगायला गेलो, तर 'कुठलं दामोदर' म्हणून नातू विचारायला लागला.

1980 च्या गणपतीत बाबांना रजा मिळाली नाही. त्यांच्याशिवाय जाखडी झाली अशी ती पहिली वेळ. मीही मुंबईतच थांबलो. आठव्या की नवव्या दिवशी कुणीतरी सांगितलं की जवळच एका मंडपात भीमसेन जोशींचा कार्यक्रम आहे, संतवाणी. तिकीट नाही. बाबांची दुसरी पाळी होती, ते थेट गिरणीतून आले, केसांत कापूस तसाच. आम्ही रस्त्यावर पेपर टाकून बसलो. मंडप दिसत नव्हता. कर्णा होता विजेच्या खांबावर, आणि दोन्ही बाजूंच्या चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. ट्रॅफिक पोलीसही तिथंच टेकून उभा होता.

अभंग मला रेडिओवरून ठाऊक होते. रेडिओवरचा अभंग आणि हा अभंग यांत फरक किती म्हणून सांगू! विठ्ठलाचं एक नाव त्यांनी धरलं आणि सोडीचनात. तबला चालला, टाळ चालले, ते वर गेले, तिथं राहिले, खाली आले, पुन्हा वर गेले. रस्त्यावर हजारभर माणसं असतील, कुणी हललं नाही. आणि मग ते असे उतरले की सगळ्या रस्त्यानं एकदम श्वास सोडला.

बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "ह्यो मानूस थांबतो."

परत खोलीवर येताना दोन वाजून गेले असतील. रस्ता मोकळा. बाबा चालता चालता गायला लागले. मी त्यांना एकट्यानं गाताना कधी ऐकलं नव्हतं, त्यांचं काम हातांचं. 'मामाची' चाल त्यांनी सुरुवातीपासून म्हटली, शब्दांसकट, थांब्यासकट. थांब्यात काय करायचं असतं तेही सांगत होते. बुवा अक्षर कसं धरतो, ते सरळ धरायचं नसतं, त्याला आत दोन वळणं असतात. पुरी चाल, पोयबावडीपासून खोलीच्या जिन्यापर्यंत. आणि मी काय करत होतो? माझ्या डोक्यात भीमसेनांचा अभंग घुमत होता. मी तो गुणगुणत होतो, मनातल्या मनात, तो सांडू नये म्हणून. बाबांना 'हां, हां' म्हणत होतो.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं घरी बसली. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी काय भर घालणार? आमच्या खोलीतल्या ट्रंका एकेक करून कमी होत गेल्या. बाबा वर्षभर थांबले, मग गावाला आले ते कायमचेच. छापखान्याचा पगार दोन चुलींना पुरेना, मागोमाग मीही आलो. जमीन होती थोडी, भात आणि नाचणी. पुढं कलमं लावली.

बाबा आता बारा महिने गावात. पण जाखडीत पेटी आलेली, नवीन बुवा आलेला, पोरं मुंबईहून चाली बसवूनच यायची. ढोलकी वाजवणारा एक चलाख पोरगा होता. बाबा दोन-तीन वर्षं वाजवायचे ते फक्त गणाला. मग तेही सोडलं. मृदंग माळ्यावर. कुणी त्यांना नको म्हटलं नाही, कुणी या म्हटलं नाही.

1984 साली मोहल्ल्यातला माझा वर्गमित्र कुवेतहून आला, त्यानं मला नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन दिला. पैसे हप्त्यानं फेडले, शेवटचे दोन हप्ते आंब्याच्या पेट्यांनी. त्या काळात स्वस्त कॅसेटी बाजारात आल्या आणि गाणं हातगाडीवर विकायला लागलं. मी कोऱ्या कॅसेटी आणायचो आणि विविध भारती भरून घ्यायचो. तेव्हा दुसऱ्या एकाचा रेडिओ आणून शेजारी ठेवायचा आणि टेपचं बटण दाबून सगळ्यांनी गप्प बसायचं, अशी पद्धत. माझ्या कॅसेटींत लता मंगेशकरांच्या मागं कोंबडा आहे, तलत महमूदच्या मागं आईचं गुरांना हाकणं आहे. बाबा आणखी सात वर्षं होते. टेप घरात होता, मृदंग घरात होता, बाबा घरात होते. त्यांची चाल भरून घ्यावी असं मला एकदाही सुचलं नाही. कॅसेट महाग आणि घरातलं माणूस तर रोजचंच. ते 1991 च्या ज्येष्ठात गेले, पेरण्या व्हायच्या होत्या.

त्यांचा आवाज एका कॅसेटवर आहे. गाण्याच्या मध्येच येतो. "बंद कर रं ते, झोपू दे मानसाला."

पुढचं थोडक्यात सांगतो. वीज आली, टीव्ही आला, 1989 साली गीतमालासुद्धा सिलोन सोडून विविध भारतीवर आली. शक्ती-तुऱ्यात कीबोर्ड, ऑक्टोपॅड आले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर रात्री दहाला कर्णा बंद करायचा झाला, एरवी सवलतीचे थोडे दिवस. त्याला माझा विरोध नाही, म्हाताऱ्या-आजाऱ्यांना झोप लागते. पण रात्रभराची बैठक त्यानं मोडली हे खरं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी 1953 पासून गुरूंच्या आठवणीत चालवला, तोही पूर्वी रात्र-रात्र चालायचा, त्यालाही वेळ आवरती घ्यावी लागली. मग आमच्या खळ्याची काय कथा? आता जाखडी सातला सुरू, दहाला संपते, आणि सकाळी मोबाईलवर येते. नातू दाखवतो. पोरं चांगली नाचतात, उगीच नावं ठेवणार नाही. पाय मात्र अर्ध्या गोलावर पडतात.

काही वर्षांमागं पुतण्यानं मला रत्नागिरीला नेलं. आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव असतो थिबा पॅलेसच्या आवारात, जानेवारीत. दाभोळहून जेटीवर फेरीबोट धरायची, धोपाव्याला उतरायचं, गुहागरवरून तवसाळला, तिथं पुन्हा बोट, जयगड, मग रत्नागिरी. ब्रह्मदेशचा राजा थिबा, इंग्रजांनी त्याला इथं आणून ठेवलेला, त्याचा हा वाडा. 1916 साली तो इथंच वारला. त्याला कोण कुठलं गाणं ऐकायला मिळालं असेल, असा विचार करत मी थंडीत बसलो होतो. समोर विलंबित ख्याल चालला होता. एक आवर्तन इतकं लांब की मधेच माझ्या शेजारच्या बाईंनी शाल उलगडून पुन्हा घडी घातली. पुतण्या म्हणाला, "काका, सम आली की लोक मान हलवतात बघ." मी बघत राहिलो. गायक लांब कुठंतरी गेलेला, तबला एकेक मात्रा टाकतोय, लोक वाट बघतायत, आणि मग सगळ्यांच्या माना एकदम. बाबांचे गडी पाय टाकायचे तसंच अगदी. तिथं मानेनं, आमच्याकडं पायानं.

तेव्हा डोक्यात आलं की मी इतकी वर्षं चुकीच्या माणसांना विचारत होतो. 'मामाची' चाल कुणाला येते म्हणून मी जुन्या बुवांना, झीलकऱ्यांना गाठायचो. जे जिवंत होते त्यांना पहिली ओळ यायची, मलाही तेवढीच येते. थांबा कुणालाच येत नव्हता. नाचणाऱ्यांना मी कधी विचारलंच नव्हतं.

बाबांच्या वेळचे एकच गडी उरलेत, अप्पा म्हणतो आम्ही त्यांना, ऐंशी पार. कानांनी कमी ऐकतात. परत आल्यावर मी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर गेलो. माळ्यावरचा मृदंग नातवाकडनं नेववला. पुड्या उंदरांनी कुरतडलेल्या, म्हणून मी लाकडावरच बोटांनी ठेका धरला. 'मामाची' ची पहिली ओळ मोठ्यानं म्हटली, माझ्या त्या आवाजात. अप्पांची सून चुलीकडून बघायला आली.

अप्पा म्हणाले, "गायला येत न्हाय मला."

मी म्हटलं, "गाऊ नका. पाय टाका."

ते उठले. खांबाला धरून उभे राहिले. मी ओळ पुन्हा म्हटली. एक पाय पुढं, अंग वळलं, खांब सुटला, सून पुढं धावली तर तिला हातानंच थांब म्हणाले. आणि ते फिरले. सावकाश, पुरता एक फेरा, ओटीवरच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर. मी ठेका चालू ठेवून मात्रा मोजत होतो. सोळा झाल्या, मला वाटलं आता पाय पडेल. नाही पडला. चोवीस झाल्या. बत्तीसाव्याला त्यांनी पाय टाकला आणि खांब पकडला, दमले होते. नातवानं मोबाईलवर धरलं होतं. आम्ही तीनदा बघितलं. तिन्हीदा मोजलं, बत्तीसच.

म्हणजे थांब्याची लांबी आता मला ठाऊक आहे. त्या बत्तीस मात्रांत बुवा एकच अक्षर धरायचा आणि आत दोन वळणं होती, बाबांनी सांगितलं होतं. ती कुठल्या मात्रेला, ते मी अजून शोधतोय. गुरांना आणायला जाताना ठेका मोजतो आणि अक्षर धरून बघतो. आमची बायको म्हणते, लांबून वाटतं कुणाला तरी हाका मारताय.